कपाटामागची भिंत

गेल्या काही वर्षांत वडाळ्याच्या आमच्या नव्या घरी येऊन गेलेल्या सगळ्या नातेवाइकांची मी आधी माफी मागतो. आईच्या खोलीत पश्चिमेच्या भिंतीला लागून जे पुस्तकांचं कपाट होतं, ते तिथं पुस्तकांसाठी नव्हतं. "आईच्या खोलीत कपाट का रे?" असं विचारणाऱ्या प्रत्येकाला मी "तिला वाचायला बरं पडतं" असं बिनदिक्कत सांगितलं. आईच्या दोन्ही डोळ्यांत तेव्हा मोतीबिंदू होता आणि पेपरचे मथळेसुद्धा ती नातीकडून वाचून घ्यायची! कपाटामागं भिंतीवर चार फूट बाय तीन फुटांचा ओलीचा डाग होता. रंगाचे पोपडे सुटलेले, त्याखाली लोण्याची पांढरी भुकटी आणि खालच्या कोपऱ्यात काळी बुरशी. ते झाकायला कपाट.

हे आज लिहायचं कारण म्हणजे मागच्या आठवड्यात डोंबिवलीच्या मावसभावाचा फोन आला. नव्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्यांकडे पाणी जातंय, बिल्डरचा माणूस दोनदा येऊन "बघतो" म्हणून गेला. "आता उगाच वाकड्यात कशाला शिरायचं, नाही का?" असं तो म्हणाला आणि मला माझीच चार वर्षं आठवली. फोनवर त्याला तासभर जे ऐकवलं (बिचारा!) तेच जरा नीट मांडतोय.

आमचं जुनं घर नायगावला. पागडीच्या दोन खोल्या, शेवटचा मजला, वर कौलं. तिथंही गळायचं. मे महिना संपता संपता बाबा कौलं चाळायला माणूस बोलवायचे, तरी जुलैत दोन-तीन ठिकाणी पातेली मांडावी लागायचीच. भाडं इतकं किरकोळ होतं की "एवढ्यात मी काय दुरुस्ती करणार?" हे मालकाचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण तिथली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. त्या गळण्याची कुणाला लाज नव्हती. "तुमच्याकडे किती पातेली?" हा पावसाळ्यातला नेहमीचा प्रश्न होता. एखाद्याकडे जास्तच गळायला लागलं की त्याच्या पोरांची अंथरुणं शेजारच्या खोलीत पडायची.

ती पागडी सोडून, वर निवृत्तीपर्यंत पुरेल एवढं कर्ज काढून आम्ही वडाळ्याला चौदाव्या मजल्यावर आलो. किल्ल्या मिळाल्या १४ डिसेंबर २०१९ रोजी. पेढे, नारळ, बिल्डरच्या माणसांबरोबर फोटो. त्या गडबडीत एका कागदावर सही केली. त्यावर लिहिलं होतं, की घराची पूर्ण पाहणी केली असून काहीही तक्रार नाही. मी बँकेत नोकरी करतो. न वाचता सही करू नका, हे मी रोज चार माणसांना सांगतो. असो.

वास्तुशांतीला आईनं एवढंच विचारलं होतं, "इथं खिडक्यांवर छज्जे नाहीत का रे?" मी हसून म्हटलं, "आई, हल्ली नसतात तसे." पुढं कळलं, की सगळ्या घरात पावसाचा विचार केलेलं ते एकच वाक्य होतं.

पहिला पावसाळा २०२०चा. आषाढी १ जुलैला होती आणि करोनामुळं वडाळ्याच्या विठ्ठल मंदिराबाहेर कधी नव्हे ती रांग नव्हती. त्याच आठवड्यात मुंबईत धो धो पाऊस झाला. आम्ही सगळे घरातच कोंडलेले, त्यामुळं भिंतीकडे बघायला वेळच वेळ. आईच्या पलंगाच्या उशाशी, खिडकीच्या कोपऱ्याखाली, चहाच्या डागासारखा एक डाग उमटला. दोन दिवसांत तो परातीएवढा झाला.

बिल्डरच्या ऑफिसला फोन केला. "सर, लेबर गावाला गेलंय. परत आलं की पहिलं काम तुमचं." दिवाळीनंतर दोघं जण आले. पोपडे खरवडले, पुट्टी भरली, रंग मारला. वर सुपरवायझर हळूच म्हणाला, "बाकीच्यांना सांगू नका सर, तुमच्यासाठी म्हणून केलंय." मला काय वाटलं असेल? बरं वाटलं! आपली ओळख आहे, आपलं काम झालं. पुढं हळूहळू समजलं, की हेच वाक्य तो दहाव्या मजल्यावरही बोलला होता आणि सतराव्याही.

२०२१च्या पावसाळ्यात डाग परत आला. पुन्हा खरवड, पुन्हा रंग. २०२२मध्ये तो आणखी मोठा होऊन आला आणि सुपरवायझर बदलला होता. नव्या माणसाला जुन्याचं काहीच माहीत नव्हतं आणि माझ्याकडे दाखवायला कागदाचा एक चिटोराही नव्हता. सगळे फोन, सगळं "हो सर, हो सर". त्याच वर्षी गणपतीला चाळीसेक माणसं यायची होती. मी आणि मुलीनं हॉलमधलं कपाट ढकलत ढकलत आईच्या खोलीत नेलं.

ते का नेलं? पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून, हे वरवरचं कारण. खरं कारण निराळं होतं. त्याच सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सहाव्या मजल्यावरच्या बाईंनी बाथरूमच्या छताचा फोटो टाकला होता. तासाभरात आमच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी लिहिलं, "कृपया असे फोटो इथे टाकू नयेत. ग्रुपवर ब्रोकर लोक आहेत. आपल्याच बिल्डिंगचा भाव पडेल." त्याला बावीस अंगठे मिळाले. त्यातला एक माझा.

मंडळी, माझं म्हणणं त्या अंगठ्याबद्दल आहे. बिल्डर वाईट असतात, हे सांगायला ब्लॉग लिहायची गरज नाही. ते सांगणारे घरोघरी आहेत. बिल्डरनं चार वर्षं काही केलं नाही, कारण आम्ही त्याला काही करायला लावलंच नाही. आणि आम्ही लावलं नाही, कारण घर हे आमच्या लेखी राहायची जागा कमी आणि भाव जास्त झालं होतं. नायगावच्या खोलीला भाव नव्हता, म्हणून तिथली गळती सगळ्यांची होती. इथं चौरस फुटाला अमुक इतके हजार असल्यामुळं गळती हे ज्याचं त्याचं गुपित झालं. अठ्ठ्याऐंशी घरांपैकी निदान तीस घरांत लोक माझ्यासारखेच कपाटं सरकवत असणार आणि प्रत्येकाला वाटत असणार, की आपलंच नशीब फुटकं.

ग्रुपवर तो मेसेज टाकणाऱ्या गृहस्थांनी २०२३च्या मार्चमध्ये आपला फ्लॅट विकला. भिंती कोरड्या असण्याचे दिवस, ताजा रंग. एक तरुण जोडपं आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन राहायला आलं. जुलैत एका सकाळी लिफ्टमध्ये त्या मुलानं विचारलं, "काका, तुमच्याकडे पण पश्चिमेच्या भिंतीला ओल येते का?"

"येते."

"आधीपासून?"

"हो... आधीपासून."

तो पुढं काहीच बोलला नाही. तळमजला यायला अजून आठ मजले होते. इतका लांबचा लिफ्टचा प्रवास मी आयुष्यात केला नाही.

त्या रात्री आईच्या खोलीत गेलो. ती खोकत होती. आईला दमा जुनाच, तो भिंतीमुळं झाला असं मी म्हणणार नाही. पण दमेकऱ्याला ओल आणि बुरशी वाईट, हे आमच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलं होतं आणि तरी चार पावसाळे मी तिला त्याच भिंतीशी झोपवलं होतं. दुसरी खोली मुलीच्या अभ्यासाची, तिसरी आमची. कपाट थोडं पुढं ओढून बघितलं. मागची पुस्तकं फुगली होती. आई अंधारात म्हणाली, "वास येतो रे मला. दिसत नसलं म्हणून काय झालं!"

दुसऱ्या दिवसापासून कामाला लागलो. (लग्नाला सव्वीस वर्षं झाल्यामुळं "मी हे तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं" हे वाक्य ऐकण्याची तयारी होती. ते ऐकलं.)

पहिल्यांदा कायदा वाचला. मला वाटत होतं तितका तो अवघड निघाला नाही. महाराष्ट्रात १९६३ पासून मोफा, म्हणजे फ्लॅटच्या मालकीबद्दलचा कायदा आहे. त्यात ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांत दाखवून दिलेले दोष बिल्डरनं पैसे न घेता दुरुस्त करायची तरतूद होती. नंतर केंद्राचा २०१६चा रेरा कायदा आला आणि मे २०१७ पासून आपल्याकडे महारेरा सुरू झालं. रेराच्या कलम १४च्या तिसऱ्या पोटकलमात हीच मुदत पाच वर्षं आहे. नुसती इमारतीच्या सांगाड्यातली खोट नव्हे. कामाची सफाई, मालाचा दर्जा, सोयीसुविधा, यांतला कुठलाही दोष. ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत तो बिल्डरच्या निदर्शनाला आणून दिला, की तीस दिवसांत त्यानं तो विनामूल्य दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई मागायचा हक्क. आणि किल्ल्या घेताना केलेल्या त्या "काही तक्रार नाही"च्या सहीनं ही पाच वर्षं पुसली जात नाहीत. हे वाचून जीव भांड्यात पडला.

यातले शब्द नीट बघा. 'निदर्शनाला आणून देणं.' ते मी केलं होतं का? फोनवर केलं होतं. उद्या बिल्डर म्हणाला, की आम्हाला कुणी कळवलंच नाही, तर? माझ्या पाच वर्षांतली साडेतीन वर्षं मी गोड बोलण्यात घालवली होती आणि घड्याळ चालूच होतं. सौजन्य चांगलंच, पण ते लेखी असावं.

मग त्या तरुण जोडप्यातली मुलगी (ती आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंगचं काम करते), सहाव्या मजल्यावरच्या बाई आणि मी, असे तिघं घरोघर फिरलो. एक साधा फॉर्म केला: घर नंबर, कुठं ओल, कधीपासून, फोटोची तारीख. ग्रुपवर टाकला असता तर परत अंगठे आले असते, म्हणून दारात उभं राहून भरून घेतला. पहिल्या दिवशी लोक "आमच्याकडे काही नाही हो" म्हणायचे. मग मी माझ्या भिंतीचा फोटो दाखवायचो. त्यावर बहुतेक ठिकाणी एक क्षण शांतता, आणि मग, "या, आत या, तुम्हाला एक दाखवतो." अठ्ठ्याऐंशी घरांपैकी एकसष्ट फॉर्म भरून आले. एका घरी देव्हारा सरकवलेला होता. एका घरी डागावर भलंमोठं निसर्गचित्र. मी एकटाच कपाटवाला नव्हतो!

नंतर प्रत्येक घरामागं थोडी वर्गणी काढून आमचा स्वतःचा इंजिनीअर आणला. बिल्डरचा नाही, आमचा. त्यानं दोन दिवस इमारत पालथी घातली आणि पहिल्याच दिवशी जे सांगितलं त्यानं माझे डोळे उघडले. तो म्हणाला, "काका, ओल दिसते तिथं भोक नसतं." माझ्या भिंतीत शिरणारं पाणी वरच्या मजल्यावर शिरत होतं. बाहेरच्या बाजूनं बीम आणि ब्लॉकची भिंत जिथं मिळतात, तिथं प्लास्टरला बारीक आडवी चीर गेली होती. काँक्रीट आणि ब्लॉक उन्हापावसात सारखे फुगत-आकसत नाहीत, म्हणून त्या सांध्यावर प्लास्टरच्या आत जाळी मारावी लागते. ती तिथं नव्हती. खिडकीच्या खालच्या दगडाला उतार बाहेरच्या बाजूला हवा, तो काही ठिकाणी आतल्या बाजूला होता. फ्रेमभोवतीचं सिलिकॉन सुटलेलं. आणि वर छज्जा नाही. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि वारा नैऋत्येकडून, तो पाऊस तिरका भिंतीवर मारतो. प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनं दादर, माटुंगा, वडाळा हा भाग आखला. तिथल्या जुन्या तीन मजली इमारती पाहा, खिडकीखिडकीवर छज्जे आहेत. आमचं मात्र सगळं सपाट, गुळगुळीत, ब्रोशरमध्ये छान दिसणारं. आईचा वास्तुशांतीचा प्रश्न मी इंजिनीअरला सांगितला, तर तो म्हणाला, "आजींना साइटवर घेऊन जायला हवं होतं."

बाथरूमची गत वेगळी. बाथरूमचा स्लॅब खाली दबलेला असतो, त्यात पाइप घालून वर वॉटरप्रूफिंग आणि कोबा करतात. टाइल लावण्याआधी त्यात दोन-तीन दिवस पाणी साठवून खालून बघायचं असतं. ते नीट केलं नाही, की पाणी न्हाणी ट्रॅपच्या कडेनं झिरपत खालच्याच्या छताला येतं. आणि हॉलच्या टाइलांवर त्यानं काठीनं टकटक करून दाखवलं, पोकळ टाइल डबडब वाजते. एकदा तो आवाज कळला, की माणूस पाहुण्यांच्या घरीसुद्धा टकटक करत फिरतो. (आता जिथं जातो तिथं बायको माझा हात धरून ठेवते. :))

तर मुद्दा असा, की माझी भिंत मी आतून शंभर वेळा रंगवली असती तरी उपयोग नव्हता. भोक बाहेर, आणि तेही वरच्या मजल्याच्या हद्दीत. बाहेरची भिंत सगळ्यांची. म्हणजे गळती मुळातच सामाईक होती आणि आम्ही प्रत्येक जण ती खासगी समजून लपवत होतो. सुपरवायझरचं "तुमच्यासाठी म्हणून" हे वाक्य किती बेतलेलं होतं, ते आता कळलं. एकेकाला एकेक रंगाचा डबा दिला, की कुणी परांची मागत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. एकसष्टांपैकी सतरा घरांत गडबड आमचीच होती. कुणी ताबा मिळताच बाथरूम फोडून नवं केलं होतं, कुणी एसीच्या पाइपसाठी बाहेरच्या भिंतीला भोक पाडून ते तसंच ठेवलं होतं, कुणी ग्रिलचे खिळे थेट प्लास्टरमधून ठोकले होते. इंजिनीअरनं ती यादी वेगळी काढायला सांगितली. त्यावरून सोसायटीत मोठं भांडण झालं. "आपल्याच लोकांना उघडं पाडता?" पण ती घरं वगळली म्हणूनच बाकीची चव्वेचाळीस टिकली, असं मला आजही वाटतं. सतरा खोट्या तक्रारी आत राहिल्या असत्या, तर बिल्डरच्या वकिलानं पहिलं बोट त्यांच्यावरच ठेवलं असतं.

ऑक्टोबर २०२३मध्ये सोसायटीच्या लेटरहेडवर पत्र गेलं. कलमाचा उल्लेख, घरांची यादी, फोटो, इंजिनीअरचा अहवाल; रजिस्टर्ड पोस्टानं आणि ईमेलनंही. तीस दिवस मोजले. एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं, की हा देखभालीचा प्रश्न असून रहिवाशांनी केलेल्या बदलांमुळं गळती होत आहे. पण आमची सतरा घरांची वेगळी यादी त्याच पत्राला जोडलेली होती, त्यामुळं ते उत्तर तिथंच लंगडं पडलं.

पुढं भांडत बसायचं की समेट करायचा? महारेरानं २०१८ पासून सलोखा मंच सुरू केला आहे. त्यात ग्राहक संघटनेचा एक आणि बिल्डरांच्या संघटनेचा एक प्रतिनिधी बसून दोन्ही बाजूंचं ऐकतात. आम्ही तो रस्ता धरला. मनात भीती होती, की हा आणखी एक चहा-बिस्किटांचा कार्यक्रम होणार. पण समोर कागद ठेवलेले असले, की बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. बिल्डरच्या संघटनेच्या प्रतिनिधींनीच त्यांच्या माणसाला विचारलं, की अहवाल चुकीचा वाटत असेल तर तुमचा अहवाल कुठं आहे? तो नव्हता. जानेवारी २०२४मध्ये लेखी समझोता झाला: पश्चिमेची अख्खी बाजू परांची बांधून मेअखेरपर्यंत, बाथरूम टप्प्याटप्प्यानं.

आता कुणी म्हणेल, एवढं सगळं आपल्याला कुठं जमायचं? मलाही तसंच वाटायचं. पण हे हक्क आपल्याला कुणी सहज दिलेले नाहीत. घरबांधणी ही 'सेवा' आहे आणि तिच्यातल्या कुचराईबद्दल ग्राहक न्यायालयात जाता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला १९९३ साल उजाडलं. लखनौ विकास प्राधिकरण विरुद्ध एम. के. गुप्ता हा तो खटला. आणि आपल्या मुंबईतल्या समृद्धी सोसायटीचं उदाहरण घ्या. १९९७ मध्ये लोक राहायला गेले, पण बिल्डरनं ओसीच मिळवून दिली नाही. त्यामुळं पंचवीस टक्के जादा मालमत्ता कर आणि पन्नास टक्के जादा पाणीपट्टी. १९९८ पासून ती माणसं भांडत होती. मधे राष्ट्रीय आयोगानं मुदत संपली म्हणून तक्रार फेटाळली. शेवटी ११ जानेवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ओसी न देणं ही रोज चालू राहणारी चूक आहे, तक्रार मुदतीतच आहे. पंचवीस वर्षं! त्या मधल्या काळात किती कमिट्या बदलल्या असतील, किती माणसं गेली असतील, किती जणांनी "सोडून द्या हो" म्हटलं असेल. त्यांच्यापुढं आमचे सहा महिने म्हणजे काहीच नाही.

परांच्या फेब्रुवारीत चढल्या. तीन महिने खिडक्यांना हिरवी जाळी, घरात धूळ, आणि मध्येच चौदाव्या मजल्याच्या खिडकीत "पाणी मिळेल का?" विचारणारा कामगार. त्या पोरांना रोज पाणी आणि चहा द्यायचं काम आईनं आपण होऊन घेतलं. एकानं तिला खिडकीच्या दगडाचा नवा उतार हात लावून दाखवला. मोतीबिंदू निघाल्यानंतर तिनं नीट पाहिलेली ती पहिली गोष्ट असावी.

सगळं गोड झालं, असं मात्र नाही. २०२४च्या पावसाळ्यात आईची भिंत कोरडी राहिली, पण चार घरांत ओल परत आली आणि बाथरूमचं काम रेंगाळलं. म्हणून १४ डिसेंबरला पाच वर्षं भरायच्या आधी, नोव्हेंबरातच, उरलेल्या दोषांचं दुसरं पत्र पाठवलं. त्यातली दोन घरं २०२५मध्ये झाली, दोन अजून बाकी आहेत. सहाव्या मजल्यावरच्या बाई दर महिन्याला एक स्मरणपत्र पाठवतात. दोनच घरं राहिली म्हणून ते काम त्या दोघांवर सोडायचं नाही, असं वार्षिक सभेत ठरवून घेतलं आहे. ते ठरवायला पाऊण तास लागला, हेही लिहून ठेवतो.

आणि भाव? तो पडला नाही. परवा एक ब्रोकर मुलाखत घ्यावी तसा सेक्रेटरींना विचारत होता, की तुमच्याकडे बाहेरचं वॉटरप्रूफिंग नव्यानं झालंय ना, त्याचे कागद आहेत का? ते ऐकून मला ग्रुपवरचा तो मेसेज आठवला. पण खरं सांगायचं तर भाव पडला असता, तरी मी आता पुन्हा तो अंगठा दिला नसता. लिफ्टमधल्या त्या मुलाला "आधीपासून" असं पुन्हा सांगायची माझ्यात ताकद नाही.

तर नातेवाइकांनो आणि मित्रांनो, ज्यांनी गेल्या पाच वर्षांत नवीन घर घेतलंय त्यांनी आज घरी गेल्यावर ताब्याचं पत्र काढून तारीख बघा. मग भिंतींकडे बघा. आणि शेजाऱ्याच्या दारावरची बेल वाजवून त्याला आधी आपली भिंत दाखवा, त्याची विचारू नका.

तूर्तास एवढंच.

ता. क. कपाट परत हॉलमध्ये आलंय. फुगलेली पुस्तकं उन्हात वाळवली, त्यातली बरीचशी वाचली. आईच्या खोलीतली ती भिंत आता रिकामीच आहे. तिथं एखादं कॅलेंडर लावू का, असं विचारलं, तर म्हणाली, "नको. पुढच्या आषाढीपर्यंत मला ती दिसू दे."